रोडपालीतला वसईचा वेढा

रुचिराच्या वडिलांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा ते हॉलमध्ये पोटावर झोपले होते आणि त्यांचं डोकं दिवाणाखाली होतं. तिथूनच ते म्हणाले, "समुद्रावर पाय देऊ नका."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय निळ्या ताडपत्रीवर होता. तो मी उचलला. ठेवायला दुसरी जागाच नव्हती, त्यामुळे मुलीचा हात मागायला आलेला एक मुलगा रोडपालीतल्या त्या फ्लॅटच्या दारात काही वेळ एका पायावर उभा राहिला.

"बाबा, हा प्रितेश," रुचिरा म्हणाली. "मी सांगितलं होतं ना."

"सांगितलं होतंस. बसा ना, प्रितेश."

"कुठे बसू, काका?"

दिवाणाखालून डोकं बाहेर आलं. चष्मा, पांढरी मिशी, कानामागे पेन्सिल. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "अशी जागा सध्या नाहीये. वेढा चालू आहे."

कमलाकर टिपणीस तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं डिस्पॅच सेक्शनला होते. माल वेळेत निघाला पाहिजे, बरोबर मोजून निघाला पाहिजे, आणि कागद तीन प्रतींत पाहिजे, एवढं त्यांचं धर्मशास्त्र. गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना एक शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ त्यांनी हॉलमध्ये लावलं, शाल दिवाणाच्या उत्तरेला अंथरली आणि तिला वसईच्या उत्तरेचं मैदान म्हणायला सुरुवात केली.

लढायांचा अभ्यास हा त्यांचा जुना छंद. असे छंदिष्ट बरेच असतात, पण ते टेबलावर नकाशा मांडून एखादी लढाई दुपारी जेवल्यावर सुरू करतात आणि चहापर्यंत संपवतात. काकांना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, वेढा एका दुपारी उरकणं म्हणजे बाळंतपण दहा मिनिटांत उरकण्यासारखं आहे. होत असेल कुणाचं, पण अभ्यास म्हणून त्याला किंमत नाही. म्हणून सतराशे एकोणचाळीस सालचा वसईचा वेढा ते खेळत होते दिवसाला दिवस. मराठ्यांनी फेब्रुवारीत वेढा घातला, काकांनीही फेब्रुवारीत घातला. त्या दिवशी तिथे काही घडलं नसेल, तर इथेही काही घडायचं नाही. काका खुर्चीवर बसून रिकाम्या खंदकाकडे बघत राहायचे आणि संध्याकाळी वहीत लिहायचे, "शांतता."

दिवाण आणि त्याला जोडलेले दोन प्लायवूड म्हणजे किल्ला. तटबंदी थर्माकोलची. तिन्ही बाजूंना ताडपत्रीचा समुद्र, तो थेट चपलांच्या स्टँडपर्यंत. रुचिराची आई, रमाकाकू, यांचं भजनी मंडळ तेव्हापासून जिन्यात बसत होतं, आणि तिथे आवाज चांगला घुमतो म्हणून खूशही होतं.

सैन्य विकत घेणं परवडणारं नव्हतं. मराठे म्हणजे मसूर आणि पोर्तुगीज म्हणजे साबुदाणा. एका दाण्यामागे पाच माणसं. मसूर दोन आठवड्यांतून एकदा डब्यातून नव्याने भरती व्हायचा. साबुदाण्याचं मात्र अवघड होतं, कारण किल्ल्याला कुमक मिळत नव्हती. त्यात मार्चच्या संकष्टीला घरातला साबुदाणा संपलेला, तेव्हा काकूंनी दक्षिण बुरुजावरची सगळी शिबंदी भिजत घातली.

काका सकाळी उठून बघतात तर बुरूज रिकामा.

"रमा, इथली माणसं कुठायत?"

"परतली," काकू म्हणाल्या. "दाण्याचं कूट घालून."

काकांनी वहीत लिहिलं, "रोगराई."

तर अशा घरात मी लग्नाचं विचारायला गेलो होतो. नकार आला नाही. उलट काकांना मी आवडलो, कारण ताडपत्रीवर दुसऱ्यांदा पाय दिला नाही. मी आगरी, विचुंब्याचा, आणि टिपणीस म्हणजे पिढ्यानपिढ्या दौत-लेखणीवाले. जातीवरून काहीतरी होईल म्हणून रुचिराने आठवडाभर भांडायची तयारी केली होती. ती वाया गेली. काकांनी एवढंच विचारलं की मी काम काय करतो.

"उरणकडे कंटेनर यार्डात आहे, काका. डॉक्युमेंटेशनला."

"म्हणजे डिस्पॅच," काका म्हणाले आणि त्यांचे डोळे ओले झाले. निदान मला तसं वाटलं. दिवाणाखाली धूळही बरीच होती.

अडचण आली ती तारखेत.

गुरुजींनी पंचांग उघडलं आणि सांगितलं की यंदा अधिक ज्येष्ठ आहे. सतरा मेपासून अधिक महिना, त्यात लग्न नाही. तो संपल्यावर मुहूर्त आहेत, पण तोवर रुचिरा पुण्याला ट्रेनिंगला जाणार, आणि तिथून परत यायच्या आत चातुर्मास लागणार. नाहीतर मग थेट दिवाळीनंतर. पत्रिका, दोघांच्या रजा आणि विचुंब्याचं मैदान सगळं जमवून एकच दिवस उरला, आठ मे, शुक्रवार. आदल्या दिवशी मुलीच्या घरी देवक बसणार. देवक म्हणजे लग्न निर्विघ्न व्हावं म्हणून घरात देवांची स्थापना करतात ती. एकदा बसवलं की लग्न उरकेपर्यंत हलवायचं नाही.

"देवक हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात," काकूंनी जाहीर केलं. "माझ्या धाकट्या नणंदेचं तिथेच बसलं होतं."

ईशान्य कोपऱ्यात मराठ्यांचा तोफखाना होता.

"सोळा मेला किल्ला पडतोय," काका म्हणाले. "सतराला सकाळी हॉल मोकळा करून देतो. शब्द माझा."

"सतराला अधिक महिना लागतो."

"मग देवक स्वयंपाकघरात बसवा."

"कुठे? फ्रिजवर?"

"बेडरूममध्ये."

"त्या भिंतीपलीकडे संडास आहे, अहो!"

"रमा, माझ्या हातात काही नाहीये. किल्ला सोळा मेला पडला. इतिहास मी बदलू शकत नाही."

"मग मुलीचं लग्न बदला," काकू म्हणाल्या, आणि आत जाऊन कुकर इतक्या जोरात ठेवला की तोफखान्यातले चार मसूर आडवे झाले.

बाहेर आल्यावर रुचिरा लिफ्टमध्ये म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबलो तर मध्ये दुसरा वेढा येईल. ते आतापासून एका दोन वर्षांच्या वेढ्याचं वाचतायत, मी पुस्तक बघितलंय. तू काहीतरी कर."

"मी काय करू? मी कंटेनर मोजतो."

"मग मोज."

मी काकांकडे कारकून म्हणून रुजू झालो. दर रविवारी सकाळी दहाला जायचं आणि वेढ्याच्या वहीची पक्की प्रत करायची. काकांना तिसरी प्रत हवीच होती, आणि मला वाटलं, मन वळवायला हाच रस्ता आहे. मी लिहायचो, काका समुद्राच्या काठाने गुडघ्यांवर रांगत मसूर पुढे सरकवायचे, काकू दोघांना चहा देऊन वर एकदा "आठ मे" म्हणून जायच्या.

तिसऱ्या रविवारी मला ते दिसलं.

यार्डातलं माझं मुख्य काम काय, तर एकच कंटेनर दोन तारखांना दोनदा आल्याचं दाखवलंय का, हे पकडणं. रोज होतं असं. जहाजवाल्यांची तारीख वेगळी, ट्रकवाल्याची वेगळी; डबा एकच, पण कागदावर दोन. नंबर, सील, खरचटलेला कोपरा, सगळं जुळतं. सहा वर्षं हे केल्यावर माणसाला जुळे दिसले तरी संशय येतो.

काकांच्या वहीत दोन मार्चला लिहिलं होतं, "पहाटे उत्तरेच्या बुरुजावर हल्ला. शिड्या आखूड पडल्या. मराठे मागे."

आणि तेरा मार्चला, "पहाटे उत्तरेच्या बुरुजावर हल्ला. शिड्या आखूड पडल्या. मराठे मागे."

माणूस एकदा आखूड शिडी आणू शकतो. अकरा दिवस विचार करून पुन्हा तेवढीच आखूड शिडी घेऊन त्याच बुरुजावर, त्याच वेळेला जाणारा सेनापती मला पटेना. मी मागे गेलो. एकवीस फेब्रुवारीला दारूगोळ्याची गलबतं आलेली. चार मार्चलाही तीच गलबतं, संख्येनं तितकीच. मग सगळंच तसं निघालं. प्रत्येक गोष्ट दोनदा, मध्ये अकरा दिवस.

घरी जाऊन मी दोन रात्रींचं नेटपॅक संपवलं. उत्तर अगदी साधं होतं. पोर्तुगीज आपल्यासारखंच, आजचं कॅलेंडर वापरायचे. मुंबईतले इंग्रज तेव्हा अजून जुनं वापरायचे, आणि ते अकरा दिवस मागे होतं. त्यामुळे एकाच घटनेची पोर्तुगीज कागदात एक तारीख आणि इंग्रजी पत्रात अकरा दिवस आधीची. काकांनी दोन्ही पुस्तकं समोर ठेवून दोन्हीकडचं इमानदारीत उतरवलं होतं. प्रत्येक हल्ला दोनदा झाला होता. साबुदाणे दोनदा मेले होते. मराठ्यांना एक किल्ला घेण्यासाठी दोन किल्ल्यांचा मसूर लागला होता.

आणि इंग्रजी पत्रांप्रमाणे वसई पडली पाच मेला.

लग्नाच्या तीन दिवस आधी.

पुढच्या रविवारी मी वही उघडून काकांसमोर ठेवली. पेढ्यांचा बॉक्सही नेला होता, तो मात्र पिशवीतच ठेवला.

"काका, हे बघा. दोन मार्च आणि तेरा मार्च."

काकांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शिड्या," मी म्हणालो. "दोन्ही वेळा आखूड. काका, इंग्रजांचं कॅलेंडर तेव्हा—"

"अकरा दिवस मागे होतं," काका म्हणाले. "माहितीये मला."

माझं बोट अजून तेरा मार्चवरच होतं.

"एकतीस वर्षं डिस्पॅचला काढलीत, प्रितेश. दुबार नोंद मला कळणार नाही? पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग दोनदा का खेळलात?"

त्यांनी हळूच आत डोकावून पाहिलं. रुचिरा स्वयंपाकघरात काकूंशी साड्यांवरून भांडत होती.

"ही सहावीत असल्यापासून माझ्यासमोर बसायची," ते म्हणाले. "मी मराठे, ती मोगल. मी एक बाजू, ती दुसरी. अशी लबाड खेळायची! एकदा मी खिंडीत वाट बघत बसलो आणि हिने सगळी फौज गुपचूप स्वयंपाकघरातून फिरवून मागून आणली. नकाशाच्या बाहेरून! मी म्हटलं, नकाशा इथे संपतो. ती म्हणते, बाबा, जमीन कुठे संपते?" ते थोडं हसले. "मग कॉलेज, मग नोकरी. आता दोन्ही बाजू मीच खेळतो. स्वतःलाच फसवायचं म्हणजे फार कष्ट पडतात हो."

मी वही मिटून मांडीवर घेतली.

"रविवारी ती घरी असते. येता-जाता बघते. 'बाबा, पोर्तुगीज असे मूर्खासारखे काय उभे केलेत' म्हणते, आणि एखादा साबुदाणा सरकवून जाते. प्रत्येक हल्ला दोनदा केला की तेवढे दिवस जास्त मिळतात. बाकी काही नाही."

खरं तर तारीख दोन्हीकडून सोळा मेच्या पुढे जात नव्हती, त्यामुळे यात एकही दिवस जास्त मिळत नव्हता. फक्त शांततेचे दिवस कमी होत होते. हे मी त्यांना सांगणार होतो. सांगितलं नाही. माझ्यात तेवढी अक्कल आहे.

मी एवढंच विचारलं, "काका, फेब्रुवारीपासून तुम्ही दोन्ही कॅलेंडरं मानताय. मग किल्ला पडतानाच एक का?"

काकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

"मुद्दा आहे," ते म्हणाले. "याद्यांच्या दिवशी सांगतो."

याद्या म्हणजे लग्न ठरल्यावर दोन्हीकडची मंडळी बसून कागदावर सगळं लिहितात ती बैठक. कुणी काय करायचं, कुणाचा मान कुठला, किती माणसं, कुठलं जेवण. मग कागदाला कुंकू लावायचं. एकदा कुंकू लागलं की फिरवाफिरवी नाही. आमचे दादा आणि आई, म्हणजे माझे आईवडील वेणू आणि भगवान मोकल, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी नवे कपडे घालून रोडपालीला आले. दादांनी तीस वर्षं मिठागर पिकवलं. मग जमीन संपादनात गेली आणि पुढची तीस वर्षं त्यांनी तिच्याबद्दल मोर्चे काढले. दादांना तह या गोष्टीचा जेवढा अनुभव आहे तेवढा या भागात थोड्यांनाच असेल.

सगळे किल्ल्याभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसले. आईने पदर सावरत समुद्र ओलांडला. दादांनी ताडपत्री निरखून पाहिली.

"ही खाडी का?"

"समुद्र," काका म्हणाले.

"बांध नाय कुठं," दादा नाराजीने म्हणाले आणि बसले.

हळद, मानपान, जेवण. आमच्याकडून धवलारीण येणार, लग्नाची गाणी ती म्हणणार, हेही लिहिलं गेलं. काका स्वतः लिहीत होते, मध्ये दोन कार्बन घालून. मग काकूंनी विचारलं, "आणि देवक?"

काकांनी पेन खाली ठेवलं. "किल्ला पाच मेला पडेल," ते म्हणाले.

काकूंनी भिंतीवरच्या देवांना हात जोडले. रुचिराने मला कोपराने ढोसलं. मी पेढ्यांच्या पिशवीत हात घातला.

"पण," काका म्हणाले, "तहाप्रमाणे आतल्या लोकांना बाहेर पडायला आठवड्याची मुदत आहे. त्यांना तेव्हा दिली होती. ती मी नाकारू शकत नाही."

पाच आणि सात, बारा. देवक सातला.

पेढे पुन्हा पिशवीत गेले.

"अहो, तुम्ही माणूस आहात की कोण आहात?" काकू म्हणाल्या.

"बरोबर हाय त्यांचं," आमचे दादा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. दादा खुर्ची पुढे ओढून किल्ल्याकडे वाकले होते.

"आत मानसं किती हायत, टिपनीससाहेब?"

"एकशे बारा साबुदाणे. गुणिले पाच."

"बायकापोरं?"

"आहेत त्यातच."

"पिढ्यान् पिढ्या रहातात ना इथं?"

"दोनशे वर्षं."

"आनि आता कुठं जायाची?"

"मुंबईमार्गे गोव्याला."

"गोव्यात त्यांना काय दिलाय? घर? प्लॉट?"

काका अडखळले. "नाही... असं काही तहात नाही."

"मंग सही कशाला करताव?" दादांचा आवाज चढला. हा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. हा माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. "पैला पुनर्वसन, मंग ताबा! आमाला पन अशीच नोटीस आली व्हती. कोन उठला? एक मानूस उठला नाय!"

"अवो," आई म्हणाली, "आपन पोराच्या लग्नाला आलोय."

"ते हायच गं. पन ही मानसं रस्त्यावर येतायत, त्याचा काय?"

माझं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मागे पडत चाललं होतं आणि माझा बाप पोर्तुगिजांच्या बाजूने उतरला होता. काका मात्र त्यांच्याकडे असे बघत होते की जणू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी समोर येऊन बसलंय.

"तुमचं म्हणणं काय, मोकलसाहेब?"

"साडेबारा टक्के."

इथे जमिनीशी ज्याचा संबंध आला त्याला हे माहीत असतं. ज्याची जमीन गेली, त्याला तिच्या साडेबारा टक्के विकसित जागा परत. यासाठी दादांच्या पिढीने लाठ्या खाल्ल्या आहेत. काका मान हलवत म्हणाले, "तत्त्व म्हणून मान्य. पण देणार कोण? मराठे तर देणार नाहीत."

"जागा कोनासाठी रिकामी करायची?" दादांनी विचारलं. "त्यानं द्यायची."

हळूहळू सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आईचीसुद्धा.

"पोरानं विचुंब्याला फ्लॅट घेतलाय," दादा म्हणाले. "नवा. पाचशेवीस कार्पेट. साडेबारा टक्के म्हंजे..." त्यांनी डोळे मिटले. हा हिशेब त्यांना झोपेतही येतो. "पासष्ट फूट."

"दादा, माझा फ्लॅट आहे तो!"

"मंग? माजं मिठागर पन माजंच व्हतं."



काकांनी कागदाच्या समासात पासष्ट लिहून त्याभोवती चौकोन काढला. "पासष्ट फुटांत वेढा बसत नाही," ते म्हणाले. पण आवाज बदललेला होता. "एखादी खिंड बसेल. नदीचा उतार बसेल."

"आठवडा मात्र नको," दादा म्हणाले. "पुनर्वसन मिळाला की मानसं झटक्यात निघतात. मना अनुभव हाय. दोन दिवस फार झाले."

"दोन दिवस," काका पुटपुटले. मग त्यांनी कुणाकडेही न बघता विचारलं, "आणि समोर कोण बसणार? जागा घेऊन मी एकट्यानेच दोन्हीकडून काय करू?"

मी म्हणणार होतो की मी बसतो. रुचिराने माझ्या पायावर पाय ठेवला, जोरात, आणि वडिलांकडे बघत राहिली. तिला तेव्हाच सगळं समजलं असावं. शिड्या दोनदा आखूड का पडल्या, तेही.

"लिहा बाबा," ती म्हणाली. "कलम अकरा. जागा विचुंब्याला, क्षेत्र पासष्ट फूट. दर रविवारी. आणि लिहा, नकाशाच्या बाहेरून यायला परवानगी."

"ती मिळणार नाही."

"मग मी सही करणार नाही."

"सही वडीलधारे करतात."

"तर मग कुंकू कुठे ठेवलंय ते सांगणार नाही."

काका लिहू लागले. "नकाशाबाहेरून, परंतु आगाऊ सूचना देऊन," ते लिहिताना मोठ्याने म्हणाले. रुचिराने "आगाऊ सूचना" खोडायला लावलं. अर्धा तास यावर गेला. तेवढ्यात काकू आणि आई आतमध्ये जेवणाची, साड्यांची आणि वऱ्हाडाच्या बसची उरलेली सगळी कलमं परस्पर ठरवून मोकळ्या झाल्या. कागदाला कुंकू लागलं. तिन्ही प्रतींना.

पाच मेला संध्याकाळी साडेपाचला वसई पडली. मी यार्डातून अर्धा दिवस सुटी घेतली होती. कारण विचारलं तेव्हा "घरगुती" असं लिहिलं. सात तारखेला देवक बसलं, ईशान्य कोपऱ्यात. आठ तारखेला विचुंब्याच्या मैदानावर माझं लग्न झालं. हळदीला आमच्याकडची मंडळी इतकी नाचली की काकांनी दादांना बाजूला घेऊन, एवढी माणसं तुम्ही किती वेळात जमवता, असं विचारलं. दादा म्हणाले, एका फोनवर. काकांनी पेन्सिल काढून ते तळहातावर लिहून घेतलं.

सासरी जाताना मुली रडतात, रुचिराही रडली. काका रडले नाहीत. त्यांनी तिला गाडीत बसवलं, दार लावलं आणि काचेतून विचारलं, "हॉलचा दरवाजा उत्तरेला आहे ना?"

अधिक महिन्याच्या पहिल्या रविवारी, नव्या घरातल्या आमच्या पहिल्याच मोकळ्या सकाळी, नऊ वाजता बेल वाजली. दारात सासू-सासरे. काकूंच्या हातात जावयाला द्यायचं अधिकाचं वाण, तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा. काकांच्या हातात मेजर टेप आणि खडू.

"तुम्ही खा," काका मला म्हणाले. "आम्हाला ताबा घ्यायचाय."

बाल्कनी भरली चाळीस फूट. उरलेले पंचवीस हॉलमधून घ्यावे लागले. खडूची रेघ सोफ्याच्या मधून गेली आणि टीव्ही पलीकडे राहिला. मी विचारलं, टीव्ही बघायचा झाला तर? काका म्हणाले, आंतरराष्ट्रीय नियम आहेत, बघून सांगतो.

रुचिरा स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. काकांनी खडू खिशात ठेवला आणि अगदी सहज, जणू चहाचं विचारावं तसं विचारलं, "तू कुठली बाजू घेणार?"

"तुमच्या विरुद्ध," ती म्हणाली.

काका रेघेजवळ गुडघ्यांवर बसले. मी उठलो, बाल्कनीतली कपड्यांची दोरी सोडवली, वाळत घातलेले माझे तिन्ही शर्ट ओलेच काढून आत आणले आणि माझ्या बाजूला, सोफ्याच्या राहिलेल्या अर्ध्या भागावर बसून दुसरा अनारसा घेतला.